अंगावरचे चिन्ह

गेल्या चतुर्थीनंतरची गोष्ट. इब्रामपुरातील आमच्या वाड्यावरच्या मुलांनी फुटबॉलच्या स्पर्धेसाठी म्हापशाहून सोळा जर्सी करून आणल्या. छातीच्या डाव्या अंगास इंग्लंडमधील एका विख्यात क्लबचे बोधचिन्ह आणि त्याखाली देवनागरी अक्षरांत वाड्याचे नाव. कापड बरे होते, रंगही चांगला उठला होता. त्या घालून मुले देवळापुढे ओळीने उभी राहिली तेव्हा, खरे सांगायचे तर, मलाही कौतुक वाटले. परंतु मंडळाच्या बैठकीत एका वयोवृद्ध सदस्याने हरकत घेतली. चिन्ह दुसऱ्याचे, परवानगी कोणी घेतली नाही, आणि पैसे गेले ते उत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेतले. म्हणजे देवाच्या पैशाने चोरीचा माल आणला, असे ते म्हणाले. शब्द कडवट होता. मुले दुखावली. आम्ही हे सदरे विकायला थोडेच काढले आहेत, स्वतःच्या अंगात घालायला घेतले आहेत, त्यात चोरी कसली, असा त्यांचा सवाल होता.

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कायद्याची कलमे वाचता येतात असा गावात समज असतो. तेव्हा या विषयावर मी माहिती काढून सांगावी असे ठरले. पुढच्या बैठकीत मी अर्ध्या पानाचे टिपण वाचून दाखवले. त्याने दोन्ही पक्षांपैकी कोणाचेही समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. त्या टिपणात जे मावले नाही ते येथे मांडतो आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. कोणतेही बोधचिन्ह एकाच वेळी दोन कायद्यांच्या छायेत उभे असते. चित्र म्हणून ते १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाखाली कलाकृती ठरते आणि मालाची ओळख म्हणून ते १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाखाली येते. हा दुसरा अधिनियम प्रत्यक्षात १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. दोन्ही कायद्यांची प्रकृती निराळी आहे. व्यापारचिन्हाच्या कायद्यात उल्लंघनाची व्याख्या करताना व्यापाराच्या ओघात केलेला वापर ही अट वारंवार येते. एखाद्याने आपल्या सायकलीच्या मडगार्डवर ब्रशाने एखाद्या मोटार कंपनीचे चिन्ह काढले तर तो व्यापार करीत नाही. त्याची सायकल पाहून कोणी ती मोटार समजून विकतही घेणार नाही. प्रताधिकाराच्या कायद्यात कलम ५२ आहे. त्यात उचित व्यवहाराचे अपवाद दिले असून त्यांत पहिलाच अपवाद खासगी किंवा वैयक्तिक उपयोगाचा आहे. 'वैयक्तिक' हा शब्द २०१२ च्या दुरुस्तीने त्यात स्पष्टपणे आला.

अमेरिकेतील पद्धत याहून सैल आहे. तेथे १९७६ च्या कायद्यात न्यायालयाला चार गोष्टी तोलून पाहावयास सांगितले आहे: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, किती भाग घेतला आणि मूळ धन्याच्या बाजारावर काय परिणाम झाला. आपल्याकडे यादी ठरलेली. यादीत बसले तर सुटका, नाही तर नाही. आपली पद्धत कोरडी वाटते खरी, पण त्या चार अमेरिकी कसोट्या कोणाही विचारी गृहस्थाने स्वतःपुरत्या लावून पाहाव्यात अशाच आहेत. मी त्या मुलांच्या जर्सीला लावून पाहिल्या. हेतू खेळाचा, पैसा कमावण्याचा नाही. मूळ कृती कल्पक, मेहनतीने घडवलेली. भाग किती घेतला, तर सगळाच. आणि बाजारावर परिणाम? त्या क्लबची अस्सल जर्सी ज्या किमतीला मिळते तेवढ्यात आमच्या मुलांचा अख्खा संघ सजला असता आणि पाव-भाजीही झाली असती. ती त्यांनी कधीच घेतली नसती. मग धन्याचे काय बुडाले?

मुलांच्या बाजूने निकाल देऊन मी येथे थांबणार होतो. परंतु टिपण लिहिण्यापूर्वी म्हापशास गेलो होतो, तेव्हा त्या छपाईवाल्याला भेटलो. विशी ओलांडलेला पोरगा. उष्णतेच्या दाबाने छाप उठवणारे यंत्र कर्ज काढून घेतलेले, दुकान भाड्याचे. त्याला मी विचारले, ही चिन्हे छापताना भीती वाटत नाही का? तो हसला. शुक्रवारच्या बाजारात जाऊन बघा म्हणाला. ते खरेच आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची, चोरीस आणि ताडपत्रीच्या शेजारी जगातल्या सगळ्या नामांकित कंपन्या शंभर-दीडशे रुपयांना मिळतात, काही नावांत एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते एवढेच. पण कायद्याच्या दृष्टीने पाहता तो मुलगा व्यापाराच्या ओघात होता. खोटे व्यापारचिन्ह लावण्याबद्दल कलम १०३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. असा माल विकणाऱ्यासाठी पुढचे कलम तेवढेच कडक आहे. आपल्यापुरता विकत घेणाऱ्याविषयी मात्र ती कलमे बोलत नाहीत.

मला अडकवले ते येथे. मुले निर्दोष होती हे खरे, पण ती निर्दोष राहिली ती दुसरा कोणी दोषी झाला म्हणून. आपल्या वैयक्तिक उपयोगाची सावली ज्याच्यावर पडली तो कर्जबाजारी पोरगा होता. धाड पडली असती तर यंत्र त्याचे गेले असते, आमचे सोळा सदरे नव्हे. स्वतः ब्रश हातात घेऊन सदऱ्यावर चिन्ह रंगवणे आणि पैसे देऊन ते दुसऱ्याकडून छापवून घेणे यांत कायदा जो भेद करतो तो मला आधी तांत्रिक वाटला होता. आता तसा वाटत नाही. लाच घेणारा आणि देणारा यांच्याबद्दल आम्ही कार्यालयात चहाच्या वेळी जी चर्चा करीत असू तिचीच ही धाकटी बहीण आहे.

'त्यांचे काय जाते' हा युक्तिवादही माझ्या ओळखीचा आहे. 'सरकारचे काय जाते' या रूपात तो मी नोकरीत अनेक वर्षे ऐकला. पेन्सिली, कागद, गाडीचे पेट्रोल, कधी एखादी जुनी खुर्ची. सरकारचे काही गेलेले दिसत नसे हे खरेच. धनी जेवढा मोठा आणि दूर तेवढी वस्तू बेवारशी वाटू लागते. याच्या उलट बाजूचा अनुभव आपल्याला २०२५ च्या जून महिन्यात आला. इटलीतील एका बड्या फॅशनगृहाने, प्राडाने, मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलेसारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या मिळून काही जिल्ह्यांसाठी भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे. केवढा संताप झाला! पुढे त्या कंपनीने प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका मात्र जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागायची तर ती नोंदणीकृत धन्याने मागावी. आम्हां मराठी माणसांना त्या वेळी 'कोल्हापूरच्या चांभाराचे काय जाते, तो तर मिलानला चपला विकतच नव्हता' असे कोणी म्हटले असते तर आपण ऐकून घेतले नसते. मुलांना हा दाखला दिला तेव्हा ती थोडी गप्प झाली. एकाने मात्र विचारले की मोठ्याने लहानाचे घेणे आणि लहानाने मोठ्याचे घेणे सारखेच कसे? प्रश्न चांगला होता आणि त्याला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही.

धन्यांमध्येही दोन जाती असतात. १९८९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हॅलंडेल गावच्या तीन पाळणाघरांच्या भिंतींवर मिकी माऊस आदी चित्रे रंगवली होती. डिस्ने कंपनीने ती पुसायला लावली. तेव्हा दुसऱ्या कंपनीने पुढे येऊन आपली पात्रे त्या भिंतींवर काढू दिली आणि नाव कमावले. आपल्याकडे २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एका दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या कथेतील शाळेचा देखावा उभारला. लेखिका व चित्रपट कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. उत्सव नफ्यासाठी नव्हता आणि देखावा चार दिवसांत उतरणारच होता, तेव्हा न्यायालयाने तो उत्सव संपेपर्यंत राहू दिला. आपल्या चतुर्थीच्या मखरांचा विचार केला तर हा निकाल बराच दिलासा देणारा आहे. दरवर्षी कोणत्या ना कोणत्या चित्रपटातला महाल आपल्याही गावांत उभा राहतोच.

परंतु फुटबॉलच्या चिन्हाची गोष्ट मखरासारखी नाही, कारण मखर पाहायचे असते आणि चिन्ह अंगावर घ्यायचे असते. याविषयी एक खटला झालेला आहे आणि तो मला फार बोलका वाटतो. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या मैदानाबाहेर मॅथ्यू रीड नावाचा विक्रेता १९७० पासून क्लबच्या चिन्हांचे गळपट्टे व सदरे विकत असे. हा माल अधिकृत नाही अशी पाटीही त्याने लावलेली होती. क्लबने दावा केला. रीडचे म्हणणे असे की, लोक हे चिन्ह माल कोणी बनवला हे कळावे म्हणून घेत नाहीत. आपण कोणाचे आहोत हे सांगण्यासाठी घेतात. ही निष्ठेची खूण आहे, व्यापाराची नव्हे. इंग्लंडमधील न्यायमूर्तींना हे पटण्यासारखे वाटले. प्रकरण युरोपीय न्यायालयाकडे गेले आणि १२ नोव्हेंबर २००२ रोजी त्या न्यायालयाने क्लबच्या बाजूने कौल दिला. तरी इंग्लिश न्यायमूर्तींनी पुन्हा रीडच्या बाजूने निर्णय दिला आणि अखेर २००३ मध्ये अपील न्यायालयात क्लब जिंकला. रीड हरला, पण त्याचे म्हणणे खोटे होते असे मला म्हणवत नाही. त्याने सांगितलेली गोष्ट खरी होती. ती तो विकत होता हाच काय तो घोटाळा.

निष्ठेची खूण अंगावर घेणे आपल्याला नवे नाही. आपल्या घरांतून गोपीचंदनाच्या मुद्रा लावणारे आजोबा ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. गोव्यातील वैष्णव सारस्वतांत आषाढी एकादशीच्या सुमारास स्वामींच्या हस्ते तप्तमुद्रा घेण्याची चाल आहे. शंख-चक्राची तापवलेली मुद्रा दंडावर उमटते. विष्णूचे चिन्ह अंगावर आले म्हणून विष्णू आपला झाला असे कोणी मानत नाही. आपण त्याचे झालो असे मानतात. म्हणजे चिन्ह ज्याच्या अंगावर आहे तो चिन्हाचा धनी नसून चिन्हाचा धनी त्याचा धनी असतो. ही जुनी समजूत ध्यानी घेतली की जर्सीच्या वादाचे तोंडच फिरते. आमच्या वृद्ध सदस्याला वाटत होते की मुलांनी क्लबचे काही घेतले. मला वाटू लागले की क्लबनेच मुलांचे काही घेतले असावे. पेडणे तालुक्यातील सोळा छात्या जाहिरातीचे फलक म्हणून फुकट मिळाल्या, आणि वाड्याचे नाव त्या चिन्हाच्या खाली, लहान अक्षरांत गेले. मला खुपले ते त्या नावाचे स्थान. कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही आणि असण्याचे कारणही नाही.

दुसऱ्याची मुद्रा वापरण्याचा आणखी एक प्रकार आपल्या वाङ्मयात आहे आणि तो चोरीच्या बरोबर उलट आहे. संतांच्या गाथांमध्ये क्षेपक अभंग कोणते याचा शोध संशोधक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. कोणा अनाम भाविकाने अभंग रचला आणि शेवटी नाममुद्रा घातली ती तुकोबांची किंवा नामदेवांची. त्याने दुसऱ्याचे काही उचलले नाही. आपले होते तेच दुसऱ्याच्या नावावर करून टाकले. तरीही संशोधकाला त्याचा राग येतो, आणि योग्य कारणाने येतो, कारण वाचणाऱ्याची फसवणूक होते. व्यापारचिन्हाच्या कायद्याच्या मुळाशी हाच विचार आहे. घेणाऱ्याला मालाचा उगम खरा कळला पाहिजे. मला तर प्रताधिकारापेक्षा हा विचार अधिक प्राचीन आणि अधिक भक्कम वाटतो. चित्रावर चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो आणि मग संपतो. आपल्या मारिओ मिरांडांचे देहावसान डिसेंबर २०११ मध्ये झाले, तेव्हा त्यांच्या रेखाचित्रांवरचा हक्क २०७१ च्या अखेरीस सरेल आणि मग कोणीही ती कपावर वा फरशीवर छापावी. पण खोटी सही साठ वर्षांनीही खोटीच राहते.

शिक्क्याचे महत्त्व आपल्या भागातील जुन्या घराण्यांना शिकवण्याची गरज नाही. पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये. घरोघरीच्या पेट्यांत मोडी कागद आहेत, पोर्तुगीज मुद्रांकित कागद आहेत. १९१० मध्ये पोर्तुगालात राजा गेला आणि त्यांच्या राजचिन्हावरचा मुकुटही गेला, हे आमच्या वडीलमंडळींना पुस्तकांतून नव्हे तर जमिनीच्या कागदांवरून ठाऊक होते. कागद कोणत्या राजवटीतला हे ती मंडळी मजकूर वाचण्याआधी शिक्क्यावरून सांगत. अशा माणसांना शिवछत्रपतींची राजमुद्रा जीपगाडीच्या मागच्या काचेवर चिकटवलेली दिसली की बोलता येत नाही आणि गप्पही बसवत नाही. तिच्यावर कोणाचा प्रताधिकार नाही. २०२० मध्ये एका राजकीय पक्षाने ती आपल्या ध्वजावर घेतली तेव्हा काही संघटनांनी आक्षेप घेतला. २०२२ मध्ये भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर तिच्या अष्टकोनाचा आकार आला तेव्हा सर्वांना अभिमान वाटला. वस्तू तीच, कायदा दोन्ही वेळा मूकच. जी मुद्रा राजाज्ञेच्या माथ्यावर उमटत असे ती वाहन उलट्या बाजूने एकेरी रस्त्यात घालणाऱ्याच्या काचेवर पाहिली की मला तरी ते निष्ठेचे चिन्ह वाटत नाही.

राष्ट्रानेही आपल्या चिन्हांबाबत हा विवेक करून पाहिला आहे. पूर्वी राष्ट्रध्वज वस्त्रावर वापरणे हा सरसकट अपमान मानला जाई. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरावर ध्वज लावणे हा नागरिकाचा हक्क मानला आणि २००५ च्या दुरुस्तीने वस्त्रावरील बंदी कमरेखालील वस्त्र, उशी, रुमाल, अंतर्वस्त्रे इत्यादींपुरती राहिली. वापरावे की नाही या प्रश्नाऐवजी कोठे वापरावे हा प्रश्न आला. अशोकस्तंभावरील सिंहांच्या राजचिन्हाबाबत मात्र कायदा कठोर राहिला. २००५ चा अधिनियम आणि २००७ चे नियम पाहावेत. त्या नियमांत अधिकृत व्यक्तींखेरीज कोणीही राजचिन्ह वापरू नये असे सांगताना माजी मंत्री, माजी आमदार, माजी न्यायाधीश यांच्या जोडीने निवृत्त शासकीय अधिकाऱ्यांचाही उल्लेख कंसात केलेला आहे.

हा कंस मी जर्सीच्या निमित्ताने वाचला आणि उठून कपाट उघडले. निवृत्तीच्या वर्षी माझ्या नावाची, हुद्द्याची, माथ्यावर राजचिन्ह असलेली पत्रकोरी पुस्तके मी स्वखर्चाने छापून घेतली होती. स्वखर्चाने घेतली यात मला त्या वेळी प्रामाणिकपणा वाटला होता. सरकारी कागद घरी आणला नाही, हा अभिमान! हुद्द्याच्या आधी 'निवृत्त' हा शब्द आहे, पण राजचिन्हापेक्षा तो बराच बारीक आहे. अशा कागदावर मी गेल्या काही वर्षांत किती पत्रे लिहिली ते आठवू लागलो. वीजजोडणीच्या तक्रारीचे एक, पुतण्याच्या दाखल्याचे एक, रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल दोन. कामे झाली. इतरांना जी दोन महिने थांबावी लागली ती माझी आठवड्यात झाली. तेव्हा मी समजत होतो की माझी भाषा मुद्देसूद असते म्हणून होतात.

मुलांनी दुसऱ्याचे चिन्ह घेतले ते कोणालाही फसवण्यासाठी नाही. इब्रामपूरच्या मैदानात इंग्लंडचा संघ उतरला असे कोणालाच वाटले नसते. मी घेतलेले चिन्ह मात्र पाहणाऱ्याने फसावे म्हणूनच उपयोगी पडत होते. टेबलापलीकडचा कारकून दचकला नसता तर त्या कागदाचा मला उपयोगच नव्हता. वैयक्तिक वापर, नफा नाही, विक्री नाही. मुलांना लावलेल्या चारही कसोट्यांतून मी बहुधा सहीसलामत सुटलो असतो. आणि त्या खड्ड्याच्या पत्रांबद्दल मला अजूनही पुरता पश्चात्ताप होत नाही, हेही नमूद करतो. खड्डा सगळ्यांचाच बुजला. पुतण्याच्या दाखल्याचे मात्र तसे नाही. त्याच्या आधी रांगेत कोण होते हे मला कधी कळले नाही आणि मी विचारलेही नाही. उरलेल्या कागदांचा वरचा भाग मी कात्रीने कापला. खालचे कागद उत्सवाच्या हिशेबासाठी मंडळाला दिले.

पुढच्या बैठकीत एवढे ठरले की आहेत त्या जर्सी या मोसमापुरत्या वापराव्यात, शेजारच्या गावातून तशाच दहा जर्सींची मागणी आली आहे ती मंडळाने घेऊ नये, आणि पुढच्या वर्षी संघाचे स्वतःचे चिन्ह असावे. त्या शेजारच्या मागणीत दर सदऱ्यामागे पन्नास रुपये सुटणार होते, त्यामुळे मुले नाराज झाली, पण कबूल झाली. छपाईवाल्यास नव्या चिन्हाचे काम द्यावे असे मी सुचवले, ते मान्य झाले. मुलांपैकी एकाची चित्रकला बरी आहे. त्याने दोन दिवसांत देवळापुढच्या दीपस्तंभाचे सुरेख चित्र काढून आणले, खाली वाड्याचे नाव, या वेळी मोठ्या अक्षरांत.

त्यावर त्याच वयोवृद्ध सदस्याने विचारले की दीपस्तंभ देवस्थानचा, देवस्थान महाजनांचे, आणि संघात तर सर्व वाड्यांची, सर्व जातींची मुले. मग दीपस्तंभ छापायला परवानगी कोणाची घ्यायची? मुलांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढच्या बैठकीपर्यंत मुदत मागून घेतली आहे.